माटोळी आणि एक कोटी डॉलर

चवथीच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला काका रानातून परततात, तेव्हा त्यांच्या पाठीवर केवणीच्या सालीच्या दोरांची जुडी असते, पिशवीत घागऱ्यांच्या सुक्या शेंगा खुळखुळत असतात आणि पिंढरीला हमखास एखादी जळू. काकू मीठ घेऊन दारातच उभ्या असतात. जळू पडते, रक्त वाहतं, आणि काका म्हणतात, "कवंडळ मिळालं. लालबुंद." कवंडळ म्हणजे एका रानवेलीचं फळ.

आमचं घर गोव्यात, फोंड्याजवळ. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीला, म्हणजे रानातली फळं-फुलं-पानं टांगलेल्या लाकडी चौकटीला, पूर्वी तीस-चाळीस जिनसा पुरायच्या. नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, शेरवडीची पांढरी पानं. मग माटोळ्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि काकांच्या अंगात वारं शिरलं. गेल्या चवथीला त्यांनी १३७ जिनसा बांधल्या. जीपचं भाडं, फांदीवर चढणाऱ्या पोराची मजुरी, दुसऱ्या तालुक्यातल्या रानात दोन फेऱ्या, असा हिशेब काकूंनी कॅलेंडरच्या मागे मांडला तो आठ हजारांवर गेला. पहिलं बक्षीस होतं पाच हजारांचं. आम्हाला मिळालं उत्तेजनार्थ. परीक्षकांपैकी एकाने अर्धकच्च्या कवंडळाला कारीट म्हटलं, हे दुःख काका अजून गिळू शकलेले नाहीत. पैशांबद्दल मात्र त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

काकूंचा तो हिशेब पाहिला की मला पॉल ॲलन आठवतो. मायक्रोसॉफ्टच्या दोन संस्थापकांपैकी एक. त्याने १ कोटी डॉलरच्या बक्षिसासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले. हे बक्षीस म्हणजे एक्स प्राइझ, पुढे अन्सारी एक्स प्राइझ. १९९६ साली पीटर डायमँडिस या अमेरिकी उद्योजकाने जाहीर केलेलं. अट सुटसुटीत होती: सरकारी पैसा न घेता यान बांधा, एक माणूस आणि आणखी दोघांचं वजन घेऊन १०० किलोमीटर उंच जा, सुखरूप परत या, आणि दोन आठवड्यांच्या आत त्याच यानाने पुन्हा जाऊन दाखवा. कवंडळ की कारीट असा वादच नाही. गेलात की गेलात.

गंमत म्हणजे जाहीर करताना डायमँडिस यांच्याकडे १ कोटी डॉलर नव्हतेच. पुढे अन्सारी कुटुंबाच्या मदतीने विमा उतरवला गेला. गोल्फच्या स्पर्धेत कुणी एका फटक्यात चेंडू खळग्यात घातला तर मोटार बक्षीस, असं लावतात ना, तिथे आयोजक आधीच विमा काढून ठेवतात. तसलाच हा विमा. म्हणजे विमावाल्यांनी पैज लावली होती की २००४ संपेपर्यंत कुणी जाणार नाही. आणि ४ ऑक्टोबर २००४ ला ॲलनच्या पैशावर विमानरचनाकार बर्ट रुटान यांनी बांधलेलं 'स्पेसशिपवन' बक्षिसासाठी दुसऱ्यांदा वर जाऊन आलं. रबर आणि लाफिंग गॅस जाळणारं इंजिन, परतताना बॅडमिंटनच्या फुलासारखं तोल सांभाळत पडण्यासाठी दुमडणारी शेपटी. मुदत संपायला तीन महिनेही उरले नव्हते. त्या रात्री विमा कंपनीत कुणाला झोप लागली असेल, असं वाटत नाही.

या सगळ्यात मला बक्षीस देणाऱ्याचं फार कौतुक वाटतं. त्याच्याइतका हिशेबी माणूस नाही! स्पर्धेत २६ संघ होते. सगळ्यांनी मिळून १० कोटी डॉलरच्या वर खर्च केले म्हणतात, आणि द्यायचे होते एकालाच. ही युक्ती जुनीच. न्यूयॉर्कहून पॅरिसला न थांबता उडून जाणाऱ्यासाठी १९१९ साली २५ हजार डॉलर लावले होते रेमंड ऑर्टिग नावाच्या हॉटेलवाल्याने. म्हणजे धंद्याने आमच्या गोव्यातलाच म्हणायचा. १९२७ मध्ये लिंडबर्ग या वैमानिकाने ते पटकावलं, पण त्याआधी त्या नादात सहा जणांचा जीव गेला होता. ते कुणाच्या हिशेबात धरायचे?

सगळेच ॲलनसारखे गडगंज नसतात. २००७ मध्ये नासाने अंतराळवीरांच्या हातमोज्यासाठी स्पर्धा लावली. पीटर होमर नावाच्या, नोकरी नसलेल्या इंजिनिअरने घरी जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन ठेवून मोजा शिवला आणि २ लाख डॉलर जिंकले. हे काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आणि जेवायची कुठे ती माणसं?"

चंद्राचं बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. गुगलने २००७ मध्ये एकूण ३ कोटी डॉलर लावले: चंद्रावर उतरा, ५०० मीटर फिरा, चित्रं पाठवा. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, तरी मार्च २०१८ ला दुकान बंद. शेवटच्या पाचांत बंगळुरूची 'टीम इंडस' होती. त्यांना उतरण्याच्या तंत्रासाठी मधला १० लाख डॉलरचा टप्पा मिळाला होता, पण प्रक्षेपणाचा करार तुटला आणि गाडी जमिनीवरच राहिली. इस्रायलचा संघ मुदत संपल्यावरही थांबला नाही, २०१९ मध्ये चंद्रापर्यंत गेला आणि आपटला. २०२३ मध्ये इस्रोचं चांद्रयान उतरलं तेव्हा प्रज्ञान साधारण १०० मीटर फिरलं. त्या चवथीला आमच्या वाड्यावरच्या निम्म्या मखरांत थर्माकोलचं चांद्रयान होतं. प्रज्ञानलाही ५०० मीटरची अट पुरी झाली नसती, हे मी त्या गर्दीत बोललो नाही.

यंदा काकांनी जुलैपासूनच वही काढली आहे. १५० करायच्या म्हणतात. दोन जिनसा तर मुद्दाम मांगरामागे लावल्यात, कारण ओरबाडणाऱ्यांच्या गर्दीत रानातल्या वेली मिळेनाशा झाल्यात. हेही स्पर्धेचंच देणं.

परवा त्यांना मोबाईलवर 'स्पेसशिपवन'चा फोटो दाखवला. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात, लिंडबर्गच्या विमानाशेजारी छताला टांगलेलं. एक कोटी डॉलर, १०० किलोमीटर, सगळं सांगून झालं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा करून वरचं छत बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "बरं, हे बांधलंय कशानं?"