16 च्या टर्मिनलला 8 चा भार
शिमग्याला पालखी यायच्या आधीच देवळातला अँप्लिफायर तापून वास मारायला लागला. मागे बघतो तर दोन 16 ओमचे (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) भोंगे पॅरलल, म्हणजे दोन्ही त्याच दोन तारांवर, जोडून वायर अँप्लिफायरच्या 16 ओमच्याच टर्मिनलला पिळलेली. अरे बाबांनो, दोन 16 पॅरलल म्हणजे 8 झाले, वायर 8 वर हवी, नाहीतर अँप्लिफायरवर जादा भार येऊन तो तापतो! दादा मीटर लावून म्हणतो, "एकेक भोंगा 13 च दाखवतोय रे," पण मीटर नुसता कॉइलचा डीसी रेझिस्टन्स (स्थिर करंटला होणारा अडथळा) दाखवतो, तो इंपीडन्सपेक्षा (आवाज वाजताना होणाऱ्या एकूण अडथळ्यापेक्षा) कमीच येणार, भोंग्यावर छापलेला आकडा धरायचा. खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवे पडलेले, ते कोयतीच्या टोकाने खरवडले (घरी सांगू नका). आता पोरांना तिसरा भोंगा पार बंदरावर हवाय, तिथे मात्र 100 व्होल्टची लाइन (जास्त व्होल्टेज, कमी करंटने आवाज लांब नेणारी) आणि भोंग्याला ते व्होल्टेज उतरवणारा लाइन ट्रान्सफॉर्मरच, नाहीतर बरीच पॉवर तारेतच जिरते.