विजयदुर्गच्या बंदरात नांगरावर काढलेली रात्र : माझा अनुभव

नांगराची तयारी नाशिकमध्येच झाली पाहिजे, असं काकांनी पावसाळ्यातच बजावलं होतं. काका म्हणजे गंगापूर रोडचे आमचे शेजारी, व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेले. त्यांची तीस फुटी शिडाची होडी गोव्याला असते आणि पावसाळ्याचे महिने ती जमिनीवर चढवलेली असते. त्या काळात ते गंजलेली साखळी आणि नांगर गाडीत घालून इकडे घेऊन आले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गॅल्व्हनायझिंगचं, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर चढवण्याचं काम त्यांच्या ओळखीतल्या कारखान्यात होणार होतं.

आठ मिलिमीटरची तीस मीटर साखळी. मीटरला साधारण १.४ किलो धरलं तरी चाळीस किलोंच्या वर जाते. साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून ती परत आली तेव्हा चकचकीत होती, पण जागोजागी कड्या एकमेकींना चिकटलेल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती लांबच लांब पसरून मी आणि माझा भाचा लाकडी ठोकळ्यावर हातोडीने कड्या मोकळ्या करत बसलो. एखादी जरी चिकटलेली राहिली तर साखळी तिथे वळत नाही आणि नांगर सोडताना अडकते. मग दहा मीटरवर लाल, वीसवर पिवळा आणि टोकाशी पांढरा रंग दिला. अंधारात टॉर्च मारला की किती साखळी बाहेर गेली ते लगेच कळायला हवं. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन काकांनी स्वतः तारेने बांधली. पाण्याखाली सतत हलून ती सैल होते, आणि ती सुटली तर बाकीच्या तयारीला काही अर्थ राहत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की होडी नांगराच्या वजनाने जागेवर राहते. आमचा नांगर अवघा पंधरा किलोंचा होता आणि होडी काही टनांची. खरं काम करते ती साखळी. ती पुरेशी लांब असेल तर तळावर आडवी पडते, नांगराला आडवी ओढ बसते आणि त्याची चोच चिखलात खोल जाते. साखळी आखूड असली की ओढ वरच्या दिशेने लागते आणि तोच नांगर उपटून येतो. म्हणून सगळा हिशेब लांबीचा. पाण्याची सर्वांत जास्त होणारी खोली घ्यायची, त्यात होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवायची आणि त्याच्या निदान पाचपट साखळी सोडायची. नुसता दोर असेल तर सातपट.

‘सर्वांत जास्त होणारी’ हे शब्द महत्त्वाचे. आम्हा नाशिककरांना पाणी मोजायची सवय गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून. कमरेला लागलं, गळ्याला लागलं. पण गोदेचा पूर पावसाळ्यात येतो, समुद्राचं पाणी दर सहा तासांनी चढतं नाहीतर उतरतं. काकांनी मला कोळ्यांचा हिशेब शिकवला : तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्रयोदशी असेल तर तेराचे पाऊणपट, म्हणजे पावणेदहा. हे गणित मुंबईकडे जुळतं; दक्षिणेला विजयदुर्गला भरती थोडी आधी येते. पक्की वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून घेतली, पण तिथीवरून आधी अंदाज बांधला की तक्ता वाचताना चूक लगेच लक्षात येते. मी आजही दिनदर्शिका बघते तेव्हा डोक्यात भरतीची वेळ आधी येते.

जानेवारीत आम्ही गोव्याहून निघालो : काका, भाचा आणि मी. वाटेतल्या मुक्कामांपैकी विजयदुर्गचा मुक्काम मला सगळ्यात जवळचा, कारण तिथे नांगर टाकायचं काम काकांनी माझ्यावर सोपवलं. वाघोटन खाडीच्या मुखाशी किल्ल्याचं भूशिर पश्चिमेला आडवं येतं आणि आतलं पाणी शांत राहतं. दक्षिणेकडून येताना किल्ल्याला वळसा मात्र लांबून घालावा लागतो. पश्चिमेच्या अंगाला खडक आहेत, आणि शत्रूची जहाजं फुटावीत म्हणून पाण्याखाली बांधलेली भिंत म्हणतात तीही त्याच बाजूला. याच बंदरात १७५६च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार पेटलं. एकमेकांना बांधून उभी असलेली गलबतं एकापाठोपाठ एक जळत गेली. किल्ल्याचे बुरूज जवळ येत होते तेव्हा मला सारखं तेच आठवत होतं.

काकांनी आधी एक फेरी मारायला लावली. मासेमारीचे ट्रॉलर एका बाजूला उभे होते. त्यांचे दोर आखूड, आमची साखळी लांब. वारा फिरला की ते आणि आम्ही वेगवेगळे फिरणार. चाळीस मीटर साखळी-दोर आणि नऊ मीटर होडी, म्हणजे चहूबाजूंना पन्नास मीटर तरी मोकळं पाणी हवं. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशावर तळ चिखलाचा दाखवला होता. खोली साडेचार मीटर, ओहोटी नुकतीच संपलेली. चढणारं पाणी दोन मीटर, नाळेची उंची एक मीटर. साडेसात गुणिले पाच. तीस मीटर साखळी आणि पुढे दहा मीटर नायलॉनचा दोर.

“नांगर फेकायचा नाही, सोडायचा,” काका सुकाणूवरून म्हणाले. शिडं उतरवलेली, इंजिन हळू, होडी वाऱ्याच्या तोंडावर थांबवलेली. नांगर तळाला टेकला की हातातलं वजन एकदम हलकं होतं. मग होडी मागे सरकेल तशी साखळी सोडत गेले, एका जागी ढीग होऊ न देता. लाल गेला, पिवळा गेला, पांढरा दिसला, दोर सुरू झाला. काकांनी इंजिन उलटं टाकलं आणि मी दोरावर तळवा ठेवला. दोरातून बारीक कंप येत होता, मधेच एक उडी, पुन्हा कंप. नांगर घसरत होता. “काका, धरला नाही!” सगळं पुन्हा वर ओढलं, चोचीत शिंपल्यांचा चुरा अडकलेला. थोडं आत सरकून पुन्हा सोडला. या वेळी दोर ताणला गेला, होडीचं नाक खाली दबलं आणि तळव्याखाली काहीच हललं नाही. काकांनी इंजिनचा जोर वाढवला तरी नाही. त्या क्षणी झालेला आनंद मला कुणाला नीट समजावून सांगता येत नाही.

“मावशी, खुणा घे,” भाच्याने आठवण केली. किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन वस्तू धरायच्या : बुरुजाचा कोपरा आणि त्यामागचा माड, दुसरीकडे जेटीचा खांब आणि एका घराची कौलं. त्या एका रेषेत असेपर्यंत होडी जागेवर आहे. अंधार पडल्यावर जेटीचा दिवा आणि मोबाइलमधला नांगराचा अलार्म, होडी ठरवलेल्या वर्तुळाबाहेर सरकली की वाजणारा. आमच्या डोलकाठीवर चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लावला. हा नियमही आहे आणि गरजही, कारण मच्छीमार होड्या रात्रभर ये-जा करतात. व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवला, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर टेबलासमोर चिकटवलेला होताच. बंदराच्या कार्यालयात काका संध्याकाळीच होडीची कागदपत्रं दाखवून आले.

रात्री पाळीपाळीने जागलो. दिवसा वायव्येकडून येणारा वारा पडला, भरती पूर्ण झाली, पाणी खाडीतून बाहेर वाहू लागलं. मध्यरात्रीनंतर मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, सुटला आणि होडी सावकाश फिरून खाडीकडे तोंड करून उभी राहिली. नवख्याला इथेच भीती वाटते, कारण संध्याकाळी घेतलेल्या खुणा सगळ्या बदलतात. मी अलार्मचं वर्तुळ पाहिलं, मग पुढे जाऊन दोरावर हात ठेवला. कंप नव्हता. पहाटेच्या ओहोटीला खोली चार मीटर झाली. आमचा कणा पाण्यात दीड मीटर, म्हणजे खाली भरपूर जागा.

उजाडल्यावर नांगर काढायला बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. होडी बरोबर साखळीवर आणून, ताण घेऊन थांबायचं. चिखल त्याला एकदम सोडत नाही. सुटला तेव्हा चोचीवर काळा, चिकट गाळ होता. भाचा बादलीने पाणी ओतत राहिला आणि मी ब्रशने कडी न कडी घासली. गाळ तसाच साखळीच्या कप्प्यात गेला तर दोन दिवसांत होडीभर वास सुटतो. आमचे रंग शाबूत होते. मतलई अजून चालू होता. उजव्या हाताने वारा घेत शिडं भरली आणि रत्नागिरीची दिशा धरली.