तिलावा बोटीवरचे आमचे चुलत आजोबा

आमच्या घरात चुलत आजोबांबद्दल एवढंच बोललं जायचं. आजी अहिराणीत म्हणायची, "आफ्रिकाले जावाले बोटवर बसना, तो परत उनाच नही." दिवाळी करून ते गेले आणि त्रिपुरी पुनवेला बोट बुडाली, असं मुंबईहून आलेल्या कुणी तरी सांगितलं होतं म्हणे.

बोट कोणती, हे सापडायला वेळ लागला नाही. ब्रिटिश इंडिया कंपनीची एसएस तिलावा 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून मोंबासा-डर्बनकडे निघाली आणि 23 च्या पहाटे जपानच्या आय-29 पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारले. 958 माणसांपैकी 280 गेली. वाचलेल्या बहुतेकांना एचएमएस बर्मिंगहॅम या युद्धनौकेने मुंबईला आणून सोडलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला होतं, म्हणजे पुनव बरोब्बर त्याच रात्री येते. आजीचं पंचांग पक्कं होतं! बोटीत चांदीही होती, 2,364 विटा. 2017 मध्ये ती समुद्रातून काढली, मग तिच्यावरून ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं. विटांचा हिशेब असा चोख, आणि आमच्या माणसाचं आडनावही कुठे मिळेना.

लंडनजवळ क्यू इथल्या अभिलेखागारात जुन्या प्रवासी याद्या आहेत, पण त्या ब्रिटनच्या बंदरांना लागलेल्या बोटींच्या. मुंबई-मोंबासा फेरीचा तिथे काय संबंध! मुंबईत मस्जिद बंदरला युद्धात बुडालेल्या नाविकांचं स्मारक आहे, तेही खलाशांचं, प्रवाशांचं नव्हे. शेवटी प्रवाशांच्या वंशजांनी जमवलेल्या नावांमध्ये एक नोंद जुळल्यासारखी वाटली. नाव आणि वडिलांचं नाव, पुढे गुजराती वळणाचं 'भाई'. नंदुरबारच्या पेढीवर काम करणाऱ्याला ते चिकटलं असेल. पण एवढ्यावर माणूस आपला म्हणायचा कसा?

म्हणून गावाकडे वळलो. खरं काम तिथेच झालं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ते सापडले: जन्मतारीख, चौथीतून नाव कमी, कारण 'परगावी'. वडिलांचं नाव यादीशी जुळलं. मृत्यूची नोंद मात्र गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे नमुना नंबर 14 मध्ये, नव्हती; असणारही कशी, माणूस गावात मेलाच नव्हता.

मग फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी. आमचं गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असलं तरी हा जिल्हा 1998 चा. त्याआधी धुळे, आणि इंग्रजांच्या काळात पश्चिम खानदेश. जुनं दप्तर यातल्या कोणत्या रेकॉर्ड रूममध्ये पडलंय हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. एका कचेरीतून दुसरीत, तिथून पुन्हा पहिलीत. हे ज्यांनी जात पडताळणीसाठी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नकला मिळाल्या त्या मोडीत. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळामुळे मोडीचा राबता आहे, तिकडच्याच ओळखीतून वाचणारे एक गृहस्थ भेटले.

त्यांनी चष्मा पुसत वाचलं: सात वर्षं ठावठिकाणा नाही, सबब मयत समजून वारस लावला. साल 1950. सात वर्षं खबर नसलेला माणूस मेला असं धरायची तरतूद पुराव्याच्या कायद्यातच होती, म्हणून तलाठ्याने तारीख लिहिलीच नव्हती. आणि वारस कोण? बायको.

लग्न झालेलं होतं, हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं. दोनच वर्षांनी दुसरा फेरफार: बाईने पाट लावल्याने नाव कमी. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पाट लावलेल्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. जमीन आमच्या आजोबांच्या नावावर आली. घरातलं मौन त्या जमिनीपायी होतं की पाटाच्या संकोचापायी, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. मला तरी जमिनीचाच संशय येतो.

फेरफारात तिचं माहेर लिहिलंय, शहाद्याकडचं. आजोबांनी निघण्याआधी पाठवलेली पत्रं असलीच तर ती तिच्याकडे गेली असणार. पावसाळा उघडला की तिथलं कोतवाल बुक बघायचंय.