परत कधी यायचं, ते कुठे लिहिलंय?

18 मार्च 2011, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी होळी. धुळ्याच्या कोर्टातली कामं आटोपून साडेपाचच्या तासाला लॉ कॉलेजात पोचलो, तर वर्गात जेमतेम अकरा जण. शिरपूर-चोपड्याकडची मुलं होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारासाठी गावी गेलेली. मी तिथे तासिका तत्त्वावर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचो. त्या दिवशी सायबर कॅफेतून एक ठराव छापून आणला होता. आपल्याकडे पहाट होत होती तेव्हा न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक 1973 मंजूर केला होता. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या फौजेपासून तिथल्या नागरिकांच्या रक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय करायला, म्हणजे बळ वापरायलाही, परवानगी. दहा देश बाजूनं, विरोधात कुणी नाही, पाच तटस्थ. त्या पाचांत भारत.

बॅगेत आणखी एक कागद होता. माझ्या आत्यानं जानेवारी 1972 मध्ये अमळनेरहून वडिलांना पाठवलेलं अंतर्देशीय पत्र. आत कापसाचा भाव आणि कुणाच्या तरी बाळंतपणाची खबर. बाहेर नेहमीच्या टपाल खर्चाशिवाय पाच पैशांचं जादा तिकीट. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबर 1971 पासून सरकारनं ते सक्तीचं केलं होतं. एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून आली होती आणि त्यांच्या अन्नाचा वाटा अमळनेरच्या पेठेतली माझी आत्यासुद्धा उचलत होती. पत्र वर्गात फिरवलं. मुलं नखानं ते तिकीट चाचपून बघत होती.

मग कायदा सांगायला घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 2(4): दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायचं नाही, धमकीही द्यायची नाही. सुटका दोनच. कलम 51 खाली स्वसंरक्षण, किंवा सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेची परवानगी. मानवतेसाठी कुणी आपणहून फौज घेऊन जावं, अशी तिसरी वाट सनदेत नाही.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, शेजारचा माणूस बायकोला जीव जाईस्तोवर मारतोय. दार आतून बंद आहे. मी दार फोडलं तर गुन्हा होतो का?"

नाही होत. तेव्हा भारतीय दंड संहिता होती. तिच्या कलम 97 नं आपल्याच नव्हे, दुसऱ्या कुणाच्याही शरीराच्या बचावाचा हक्क दिला होता. "मग देशांना तो हक्क का नाही?" ती म्हणाली. इतका थेट प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. मी तिला सांगितलं की दार फोडणाऱ्या शेजाऱ्याला नंतर कोर्टात उभं करता येतं. खरंच मारहाण चालली होती का, गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं का, जाताना घरातलं काही उचललं का, हे तपासता येतं. देशांच्या गल्लीत दार फोडायची ताकद चार-दोन घरांकडेच आहे आणि त्यांची चौकशी करील असं पोलीस ठाणं नाही. म्हणून ती बंदी आहे आणि ती राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पण हे मत सांगताना माझ्याच हातात आत्याचं पत्र होतं. 1971 मध्ये आपण दार फोडलंच की. संयुक्त राष्ट्रांतले तेव्हाचे भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं होतं की पूर्व बंगालच्या लोकांना त्यांच्या यातनांतून सोडवणं हाच आमचा शुद्ध हेतू आहे. कायद्याचा मुख्य आधार मात्र 3 डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्याचा, म्हणजे स्वसंरक्षणाचा होता. 7 डिसेंबरला महासभेत 104 देशांनी युद्ध थांबवा, फौजा मागे घ्या म्हणून मत दिलं. विरोधात फक्त 11. आणि याच भारतानं 1999 मध्ये, नाटोनं, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीनं, सुरक्षा परिषदेला न विचारता कोसोवो प्रांतातल्या अल्बेनियन लोकांसाठी युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली तेव्हा, ती थांबवण्याच्या रशियाच्या ठरावाला सहप्रस्तावक म्हणून नाव दिलं. तो ठराव तीन विरुद्ध बारा असा पडला. रवांडाचंही सांगितलं. 1994 मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. कत्तल सुरू असतानाच परिषदेनं तिथलं शांतिसैन्य 270 वर आणायचं ठरवलं होतं. तिथे सगळं कायद्यात बसत होतं. हे वाक्य बोलताना मला आजही कापरं भरतं.

मागच्या बाकावर सुभेदार बसायचे. फौजेतून निवृत्त होऊन, चाळिशी उलटल्यावर वकिलीला आलेले, साक्रीकडचे. एरवी तासभर काही बोलत नसत. त्या दिवशी उभे राहिले. "सर, आम्ही जाफन्याले गयथूत," एवढं अहिराणीत म्हणाले आणि पुढे मराठीत बोलायला लागले.

1987 च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना गेली तेव्हा ते कोवळे शिपाई होते. लोकांनी हार घातले. त्यांच्या चौकीजवळ ताडाच्या झावळ्यांचं कुंपण असलेलं घर होतं, अंगणात विहीर. तिथली म्हातारी आपण होऊन पाणी शेंदून द्यायची. ऑक्टोबरात तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांशी, लढाई जुंपली, घरोघर झडत्या सुरू झाल्या. पुन्हा त्या अंगणात गेले तर म्हातारी एक शब्द बोलली नाही. रहाटावरचा दोर सोडला, बादलीत गुंडाळून ठेवला आणि बादली घेऊन घरात गेली. "विहीर तिथेच होती, सर. पाणी दिसत होतं." ते हातानं दोर गुंडाळल्यासारखं करून दाखवत होते. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे बाराशे जवान गेले होते.

मी वर्गाला एवढंच म्हटलं की ते जाणं बेकायदा नव्हतं. करारावर श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांची सही होती. बांगलादेशच्या वेळी 104 देश 'थांबा' म्हणत होते, तरी मार्च 1972 पर्यंत आपली फौज परत आली. निर्वासितांना आपल्या घरी जायचं होतं आणि त्यांना आपलं वाटणारं सरकार तिथे उभं होतं. जाफन्यात कागद पक्का होता, पण नेमकं कुणासाठी लढायचं हेच जागेवर राहिलं नाही.

तास संपला. सुभेदारांनी ठरावाची प्रत मागून घेतली. साक्रीच्या गाडीला वेळ होता. रिकाम्या वर्गात बोट ठेवून ते इंग्रजी ओळ न् ओळ वाचत राहिले. चौथ्या परिच्छेदात परकी फौज लिबियाचा कुठलाही भाग ताब्यात घेणार नाही असं वाक्य आहे, तिथे त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"सर, एक इचारू का? परत कवय येवानं, ते यामा कोठे लिखेल शे?"

मी प्रत हातात घेतली. कुठेच नव्हतं. सकाळपासून तीनदा वाचूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी परवानगी शोधत होतो, ती सापडली होती. बंडखोरांच्या ताब्यातल्या बेंगाझी शहराच्या वेशीपर्यंत गद्दाफीचे रणगाडे येताहेत असं ऐकत होतो आणि मनातून मला जायलाच हवं असं वाटत होतं. भारत तटस्थ राहिला याचा थोडा रागही होता. महासचिवांच्या विशेष दूताचा अहवाल अजून आलेला नाही, असं आपल्या प्रतिनिधीनं सांगितलं होतं. सकाळी मला ती पळवाट वाटली होती. सुभेदारांच्या प्रश्नानंतर तसं म्हणवेना.

20 ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला. 27 तारखेला परिषदेनं वेगळा ठराव करून परवानगी महिनाअखेर संपवली. नागरिकांच्या रक्षणासाठी निघालेली नाटोची मोहीम राजवट पडेपर्यंत चालली आणि मागे उरलेल्या देशात हत्यारबंद टोळ्या एकमेकींवर उठल्या. पुढे सीरियातल्या यादवीच्या वेळी परिषदेत व्हेटोवर व्हेटो, म्हणजे ठराव अडवणारे नकाराधिकार, पडले. लिबियात झालेली फसवणूक पुन्हा होऊ देणार नाही, हे रशियाचं एक कारण होतं. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्या सीरियन लोकांचा लिबियाशी काही संबंध नव्हता.

ती प्रत माझ्याकडेच राहिली. हा विषय आला की तिच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटतो. समासात सुभेदारांनी त्यांचा प्रश्न पेन्सिलीनं उतरवून ठेवला होता. दर वर्षी झेरॉक्समध्ये ते अक्षर फिकट व्हायला लागलं, म्हणून मागच्या जूनमध्ये मूळ प्रतीवर मी ते पेनानं गिरवून घेतलं.