चिन्हांची डायरी, नोंद चौथी: दंड, विसर्ग आणि सातबारा

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की एनव्हीडीएत (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) दंडाला (।) 'दंड' आणि दुहेरी दंडाला (॥) 'दोन दंड' अशी नावं दिली, पातळी, म्हणजे चिन्हाचं नाव केव्हा बोलायचं ते, 'काही' ठेवली. ते सगळं काढून टाकलंय. आम्ही गंगाखेडचे, जनाबाईंचे अभंग घरात रोजचे. एकादशीला लॅपटॉपवरून अभंग वाचून घेत होतो. दोन-तीन चरण झाले आणि आई म्हणाली, "बाबा, हे मधी मधी दंड-दंड कामून म्हणायलंय? जरा दम घेऊन म्हणू दे की त्याला."

तिचं खरं होतं. अभंग म्हणणारा दंडापाशी थांबतो, दंडाचं नाव कोण घेतं? म्हणून चिन्हांच्या उच्चाराच्या डायलॉगमध्ये एकेरी दंडाची पातळी 'अक्षर' केली. आता अक्षर-अक्षर फिरतानाच त्याचं नाव ऐकू येतं. मूळ चिन्ह आवाजाकडे पाठवायचं की नाही, तिथं 'नेहमी' निवडलं. ईस्पीक, म्हणजे एनव्हीडीएसाठी बोलणारा आवाज, दंडाला वाक्याचा शेवट समजतो, त्यामुळे बरोबर त्या जागी थांबतो. दुहेरी दंडासाठी वेगळी वाट धरली: डीफॉल्ट शब्दकोशात (बोलण्याआधी मजकुरात अदलाबदल करणारी यादी) ॥ च्या जागी । अशी नोंद टाकली. एनव्हीडीए शब्दकोश आधी लावतो आणि चिन्हांची यादी नंतर, म्हणून हे जमतं. चरणाचा आकडा तेवढा ऐकू येतो आणि तो हवाच.

काही ठिकाणी अभंग टाइप करणाऱ्याने दंडाऐवजी इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ मारलेली असते. शंका आली की त्या चिन्हावर जाऊन नमपॅडवरचा 2 पटापट तीनदा दाबा, कोड ऐकू येईल. दंड 2404, उभी रेघ 124.

या आठवड्याचा जास्त वेळ मात्र विसर्गाने खाल्ला. मराठीत निम्मे लोक विसर्गाच्या जागी कोलन टाइप करतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. मी मजकूर तपासायचं काम करतो, पातळी 'बहुतेक'वर असते, आणि मला दिवसभर 'दु कोलन ख', 'अंत कोलन करण', 'नि कोलन शुल्क' ऐकावं लागतं. कोलन गप्प करणं हा उपाय नव्हे, खऱ्या कोलनची मला गरज असते. तेव्हा शब्दकोशात रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणारा नियम, लिहिलं: दोन्ही बाजूंना देवनागरी असेल तर कोलनचा विसर्ग करा.

पहिल्या खेपेला देवनागरीच्या कोडांचा सगळा पट्टा घेतला आणि फसलो. देवनागरी आकडेही त्याच पट्ट्यात बसतात. परभणीच्या गाडीची वेळ '१०:३०' अशी आली होती, तिच्यातही विसर्ग घुसला आणि दहानंतर काय बोलला ते कळेना. पट्टा अ पासून ॡ पर्यंतच आखला तर अक्षरं आणि मात्रा आत राहतात, दंड आणि आकडे बाहेर. आता ओळ अशी आहे:

(?<=[अ-ॡ]):(?=[अ-ॡ])

बदली शब्दाच्या जागी फक्त ः. उतरवून घेताना एकेक अक्षर ऐकून घ्या, एक कंस इकडचा तिकडे झाला तरी चालत नाही. एक खोट अजून आहे: 'नाव:' नंतर जागा न सोडता कोणी पुढचं लिहिलं तर तिथंही विसर्ग होतो. फॉर्ममध्ये हे फार सापडतं. फॉर्म वाचताना मी ती नोंद काढून ठेवतो.

सातबाऱ्याचं काम भावासाठी केलं. ७/१२ हे 'सात स्लॅश बारा' असं ऐकताना त्याला कसंतरीच वाटायचं. 'पूर्ण शब्द' प्रकाराची नोंद केली, त्यामुळे १७/१२ ला धक्का लागला नाही, पण ७/१२/२०२४ ही तारीख 'सातबारा' झाली. मग पुढे-मागे आकडा किंवा तिरकी रेघ नसेल तरच, अशी अट घातली. रकमेमागचं /- हे दोन अक्षरांचं एकच चिन्ह म्हणून यादीत घालता येतं. त्याची पातळी 'सर्व' केली, म्हणजे 'बहुतेक'वर ते गप्प राहतं; आता '४,२००/-' सरळ रुपयांपाशी संपतं.

सोयाबीनच्या भावातला डॅश, म्हणजे '४२००-४४५०', याला 'ते' म्हणायला लावायचा मोह झाला होता. कायमचं नाही केलं, कारण फोन आणि खाते क्रमांकांतही डॅश असतो आणि तिथं 'ते' ऐकून माणूस चुकेल. भाव वाचायच्या दिवशी ती नोंद तात्पुरत्या शब्दकोशात टाकतो, एनव्हीडीए बंद केलं की ती आपोआप जाते.

हे करून बघणाऱ्यांनी डायलॉगच्या शीर्षकातली भाषा आधी ऐका. इंग्रजी आवाज चालू असताना मी एकदा तासभर बदल केले, ते सगळे इंग्रजीच्या यादीत गेले आणि मराठीला एकही लागला नाही.

शब्दाच्या शेवटी येणारा कोलन अजून सुटलेला नाही. 'स्वत:' आणि 'तारीख:' यांतला फरक नियमाने सांगता येत नाही, म्हणून शब्द एकेक करून घालतोय. आतापर्यंत स्वत:, पुन:, विशेषत:, अंशत:, प्राय:, बहुश: झाले. तुमच्या वाचनात आणखी आले असतील तर कळवा, रविवारी घालतो.