तुम्ही विचारलंत म्हणून: बाखमध्ये श्वासाला का थांबते

‘सनईवाले अखंड वाजवतात, मग बासरीवर बाखच्या अलेमांदमध्ये तू मध्येच श्वासाला का थांबतेस?’ हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीट सांगतेच. बाख हा अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार, आणि अलेमांद हा त्याच्या एकट्या बासरीसाठी लिहिलेल्या ए मायनर पार्टिटाचा, म्हणजे नृत्यरचनांच्या मालेचा, पहिला भाग.

सनईला पत्ती असते. ती हवा अडवते, म्हणून गालातल्या हवेवर सूर तगतो आणि तेवढ्यात नाकाने श्वास घेता येतो. बासरीत अडवणारं काही नाही, गालातली हवा लगेच संपते. तरीही काही बासरीवादकांना हे साधतं. म्हणजे जमत नाही म्हणून थांबते, असं नाही.

या पार्टिटाची बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. आहे ती १७२०च्या दशकातली नक्कल. त्यात अलेमांद म्हणजे एका मात्रेत चार सूर, आणि ते चालूच राहतात. श्वास कुठे घ्यायचा, लिहिलेलं नाही. पण ती एकच ओळ दोघांचं बोलणं वाजवते: खालचा सूर आधार देतो, वरचे त्यावर चालतात. श्वास कुठे पडतो त्यावरून कुणाचं वाक्य संपलं ते ऐकणाऱ्याला कळतं.

जर्मनीत शिकत असताना परीक्षेत हेच वाजवत होते. एका बारच्या, म्हणजे मात्रांच्या एका गटाच्या, पहिल्या सुरावर किंचित रेंगाळून श्वास घेतला. परीक्षकांनी हात वर केला.

‘इथे काय झालं?’

‘श्वास घेतला.’

‘तो कळता कामा नये.’

मी म्हटलं, इथे खालचा सूर टेकतो, म्हणून इथेच घेतला. ‘पुन्हा,’ एवढंच उत्तर आलं. मग श्वास आधीच्या बारच्या शेवटच्या सुरामागे चोरला. तो सूर अर्धा कापला गेला, खालचा सूर उघडा पडला. त्यांनी मान डोलावली, ‘आता बरोबर.’ जर्मन बासरीवादक क्वांट्झने बासरीवादनावरच्या १७५२च्या आपल्या ग्रंथात नेमकं हेच करू नका म्हटलंय: आखूड सुरानंतर श्वास नको, बारच्या शेवटच्या सुरानंतर तर नकोच. तेव्हा मला ते माहीत होतं. बोलले नाही. गुण चांगले मिळाले, आणि तेच जास्त लागलं.

त्या वयातली मी म्हणायची, श्वास ऐकू येणं हा कमीपणाच. तिला आज मी सांगते, अगं, बाखला बासरी वाजवणाऱ्याला फुप्फुसं असतात हे ठाऊक नव्हतं का? ती म्हणते, मग शेवटी ए मायनरचे सूर चढत चढत वरच्या ए पर्यंत का नेले, नेमका दम संपत आल्यावर? याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. कदाचित दम लागलेला ऐकू यावा म्हणूनच. कदाचित त्याने विचारच केला नसेल.

एकच एवढं खरं की मी जिथे थांबते तिथे ठरवून थांबते. ट्रॅव्हर्सोवर, म्हणजे बाखच्या काळातल्या लाकडी आडव्या बासरीवर, जी शार्प हा सूर दबका येतो आणि त्यातून ए उजळून निघतो. त्या दोघांमध्ये श्वास घ्यायला मी कधीच तयार होणार नाही. बाकीच्या जागा बदलतात. गेल्या महिन्यात परीक्षेतल्या त्याच बारवर न थांबता पुढे गेले, आणि तेही पटलं.