सव्वाबारा फर्मे

मराठीत कादंबरी लिहिणाऱ्या बाईला लोक दोन गोष्टी विचारतात. सुचतं कसं, आणि एक प्रत मिळेल का. फर्मा म्हणजे काय, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. ठाण्यात 1960, 1988 आणि 2010 अशी तीन साहित्य संमेलनं झाली. त्यातल्या शेवटच्याला मी स्वतः मांडवात बसून परिसंवाद ऐकलेत. तिथेही फर्म्याचं नाव कुणी काढलं नाही. म्हणून आपणहून सांगते.

डेमी कागद 18 बाय 23 इंचांचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापायची, तीन घड्या घालायच्या, की सोळा पानांची जुडी होते. तो एक फर्मा. छापखान्यात पुस्तक पानांत नव्हे, फर्म्यांत मोजतात. पाचशे प्रतींची आवृत्ती असेल तर एका फर्म्याला बरोबर एक रीम, म्हणजे पाचशे ताव कागद लागतो, वाया जाणारा वेगळा. माझी कादंबरी बारा फर्म्यांची ठरली होती, म्हणजे 192 पानं. त्या हिशोबाने कागद आला होता आणि मुखपृष्ठ छापूनही झालं होतं, पाठीवर किंमत 300 रुपये.

आता किमतीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकते. दहा टक्के मानधन धरा. पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तर पंधरा हजार होतात, आणि ते एका वर्षात हातात पडत नाहीत. म्हणून मी महापे एमआयडीसीत अकाउंट्समध्ये नोकरी करते. ऑफिसात मी लिहिते हे सगळ्यांना माहीत आहे. वाचलंय कुणी हे विचारायच्या भानगडीत मी पडत नाही.

तर त्या दिवशी हाफ डे टाकून मी कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी पकडली, पूल ओलांडून पश्चिमेला आले आणि शेअर रिक्षाने वागळे इस्टेटला पोचले. तिथल्या एका गाळ्यात, लेथ मशीनवाल्याच्या वरच्या मजल्यावर, आमच्या प्रकाशकांचं डीटीपी करणारे, म्हणजे संगणकावर पानं लावणारे, एक दादा बसतात. प्रकाशकांचा सकाळीच फोन आला होता: ‘ताई, पानं वाढलीत, स्वतः येऊन बघा.’

वाढली होती 207 वर. प्रकाशकांनी शब्द मोजून अंदाज काढलेला. पण माझी माणसं तुटक बोलतात. एक ‘हं’ म्हटलं की नवी ओळ, त्यावर दुसऱ्याचं ‘मग?’ की आणखी एक. निबंधाचे चाळीस शब्द तीन-चार ओळींत बसतात, भांडणाऱ्या नवरा-बायकोचे चाळीस शब्द दहा ओळी खातात. हे ज्याने कधी संवाद लिहिलेत त्याला कळतं. ज्याने फक्त हिशोब लिहिलेत त्याला नाही.

मग दादा आणि मी कात्री घेऊन बसलो. आधी अर्धशीर्षकाचं, म्हणजे नुसतं पुस्तकाचं नाव असलेलं पान आणि त्यामागचं कोरं पान काढलं. अर्पणपत्रिका श्रेयपानावर, वरच्या कोपऱ्यात गेली. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होत होतं, ते थांबवून चालू पानावरच तीन ओळी सोडून पुढचं प्रकरण. टाइप 13चा 12.5 केला. ओळींमधलं अंतर कमी करून एका पानावर 31च्या 32 ओळी आणल्या. 33 करून बघितल्या आणि लगेच मागे घेतल्या. देवनागरीची ही अडचण रोमनवाल्यांना नाही. आपल्याकडे अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लोंबतो. अंतर जरा कमी झालं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसतो. दादांनी ते पान मला झूम करून दाखवलं आणि म्हणाले, ‘बघा ताई, विरार लोकल.’

हे चालू असताना प्रुफंही पाहत होते. मी युनिकोडमध्ये टाइप करते, दादांकडे पेजमेकर आणि जुना फॉन्ट. रूपांतरात अर्ध्या ‘र’चा बळी हमखास जातो. सहाव्या प्रकरणातल्या बारशाला जेवण करणारे आचारी सगळे आचार्य होऊन बसले होते. आचार्यांनी पातेलं उतरवलं, आचार्यांनी कांदा मागितला. ते निस्तरण्यात तासभर गेला.

संध्याकाळी आकडा 196वर येऊन थांबला. सव्वाबारा फर्मे.

मी प्रकाशकांना फोन लावला. ते शांत माणूस आहेत, पण भाद्रपद लागला की त्यांचा आवाज बदलतो. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. ती प्रथा इतकी फोफावली की आता या दिवसांत पुस्तकाला मशीन मिळणं मुश्कील. ‘आज रात्री छपाईच्या प्लेटा निघाल्या तर निघाल्या,’ ते म्हणाले. ‘उद्यापासून अंक चढताहेत. तुम्ही प्रकाशनाला नौपाड्यातला हॉल बुक करून बसलाय. आठ पानं जास्त असती तर अर्धा फर्मा घेतला असता. चार पानं म्हणजे चिकटवायची, आणि ती वर्षभरात गळतात. तेरावा फर्मा घ्यायचा तर किंमत वाढवायला हवी, आणि मुखपृष्ठावर तीनशे छापलेत. चार पानं काढा, ताई.’

दादांनी हे ऐकलं आणि लगेच म्हणाले, ‘71 ते 74 काढा. बँकेतलं. तिथं काही होत नाही.’

तिथे खरंच काही होत नाही. एक म्हातारी सहकारी बँकेत बाकावर बसून टोकन नंबरची वाट पाहते. त्या चार पानांसाठी मी कित्येक शनिवारी तशा बाकावर बसले आहे, ती मी सोडणार नव्हते. पण मला धक्का बसला तो दादांना पान नंबर तोंडपाठ होते याचा. माझ्या पुस्तकावर ज्यांनी लिहिलं, त्यांतल्या निम्म्यांनी मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून लिहिलाय. या माणसाने प्रत्येक ओळ वाचली होती.

मग मी शेवट काढून बघितला. कादंबरी नौपाड्यातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाची आहे. 192 संपताना म्हातारी कळव्याच्या भाड्याच्या खोलीत आहे. बिल्डरचं पत्र आलंय आणि ती चष्मा शोधते आहे. पुढच्या चार पानांत पत्र वाचलं जातं, मुलगा येतो, आपला हिस्सा का विकला ते आईला सांगतो, आणि ती नव्या घराची चावी घेते. एक ओळ खाली उतरत होती. वरच्या परिच्छेदातलं एक ‘तेवढ्यात’ काढलं, ती वर आली.

‘इथंच संपवू या,’ मी म्हटलं.

दादांनी माउसवरचा हात काढला. ‘आणि चावी?’

‘राहिली.’

‘म्हणजे घर मिळालं का नाही तिला?’

‘ते वाचक ठरवेल.’

‘वाचकाचं काय जातंय ठरवायला,’ ते म्हणाले. ते किसननगरात राहतात. त्यांच्या बिल्डिंगचं नाव क्लस्टरमध्ये, म्हणजे अख्खी वस्ती एकत्र पाडून नव्याने बांधायच्या योजनेत आहे. ‘आमच्या आईलापण सगळे होईल, होईल म्हणतात. मला वाटलं निदान हिला तरी मिळालं. मी ते पान लावून घरी गेलो त्या दिवशी बरं वाटलं होतं.’

यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांनी फाइल सेव्ह केली, पीडीएफ काढली, पाठवली. प्लेटा निघाल्या. हॉलमधला कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. पाहुणे उशिरा आले आणि स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलले.

नंतर जे परीक्षण येई त्यात ‘संयत शेवट’ हे दोन शब्द असतच. वाशीला एका कार्यक्रमात प्राध्यापक महाशयांनी अनिर्णीत शेवटामागची माझी भूमिका पंधरा मिनिटं उलगडून सांगितली. मी मान डोलावत ऐकून घेतली. तिथे उभं राहून कागदाचं गणित काय सांगणार? आणि नुसतं कागदाचं होतं, असंही नाही. बँक वाचवायची आणि मुलाला काढायचं, हे मीच ठरवलं होतं. पण कागद पुरला असता तर ठरवलं असतं का? कधी ती पानं उघडते तेव्हा मुलाचं बोलणं मला सगळ्या पुस्तकातलं सगळ्यात खरं वाटतं. कधी वाटतं, लेखिका घाईघाईने शटर ओढते आहे.

हे सगळं आता वर निघायचं कारण म्हणजे पहिली आवृत्ती संपली. प्रकाशक यापुढे शंभर-शंभर प्रती डिजिटलवर काढणार आहेत. त्याला फर्म्याचं बंधन नाही. 192 असोत, 196 असोत, मशीनला फरक पडत नाही. ‘फक्त एवढं सांगा,’ ते म्हणाले, ‘मजकूर तोच असेल तर पुनर्मुद्रण छापतो, पानं घालणार असाल तर दुसरी आवृत्ती.’

मी दादांना फोन केला. बिल्डिंगचं विचारलं. ‘यादीत आहे,’ म्हणाले. मग कामाचं. ‘दोन्ही फायली ठेवल्यात मी. कुठली पाठवू?’

सोमवारी सांगते म्हटलं. काल त्यांचा मेसेज आलाय: ‘ताई, सोमवार गेला.’